सहायकाच्या खुर्चीतील आठ हंगाम : जॉश एलँडर आणि टेनेसीचे फलंदाज

ऑक्टोबर 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या मेजर लीग (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल) संघाने टेनेसी विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक टोनी व्हिटेलो यांना आपले व्यवस्थापक म्हणून नेमले. व्यावसायिक बेसबॉलमधील प्रशिक्षणाचा कोणताही अनुभव नसलेला माणूस महाविद्यालयातून थेट मेजर लीगच्या डगआउटमध्ये जाण्याची ही पहिलीच वेळ असल्याने सगळी चर्चा व्हिटेलो यांच्याभोवतीच फिरत राहिली आणि ते स्वाभाविकही होते. त्याच आठवड्यात नॉक्सव्हिलमध्ये, म्हणजे टेनेसी विद्यापीठाच्या गावी, झालेल्या दुसऱ्या नेमणुकीकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. रिकाम्या झालेल्या जागेसाठी विद्यापीठाने बाहेरचा नावाजलेला प्रशिक्षक न आणता आठ हंगाम सहायक राहिलेल्या जॉश एलँडर यांना मुख्य प्रशिक्षक केले. फलंदाज घडवणे आणि नवे खेळाडू हेरून आणणे ही दोन कामे या आठ वर्षांत त्यांच्याकडे होती. सहायक प्रशिक्षकाची कारकीर्द कशी उभी राहते, तिचे मोल कशावरून ठरवावे आणि ठरवताना कुठे फसगत होऊ शकते, हे पाहण्यासाठी हे प्रकरण मला फार उपयुक्त वाटते.

पार्श्वभूमी

एलँडर हे टेक्सासमधील राउंड रॉकचे. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाकडून ते कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू) म्हणून खेळले आणि 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू पाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत, अॅरिझोना डायमंडबॅक्सने त्यांना सहाव्या फेरीत निवडले. खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्ये ते काही वर्षे खेळले, पण मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. अमेरिकेत अशा खेळाडूंची संख्या फार मोठी आहे आणि त्यांच्यापैकी अनेकांना पुढचा रस्ता प्रशिक्षणातच सापडतो. एलँडर यांच्या बाबतीत निर्णायक ठरली ती महाविद्यालयीन दिवसांतली एक ओळख. ते टेक्सास ख्रिश्चनमध्ये खेळत असताना तिथे सहायक प्रशिक्षक होते टोनी व्हिटेलो. पुढे व्हिटेलो आर्कान्सा विद्यापीठात सहायक असताना एलँडर यांनीही तिथे काम केले, आणि जून 2017 मध्ये टेनेसीने व्हिटेलो यांना मुख्य प्रशिक्षक केले तेव्हा त्यांच्याबरोबर नॉक्सव्हिलला आलेल्यांत एलँडर होते.

व्हिटेलो यांची स्वतःची घडण मिसुरी, टेक्सास ख्रिश्चन आणि आर्कान्सा या तीन विद्यापीठांत सहायक म्हणूनच झाली होती. आर्कान्सात ते फलंदाजी पाहत असताना अँड्र्यू बेनिन्टेंडी या खेळाडूने 2014 च्या पहिल्या हंगामात अवघा 1 होम रन (चेंडू थेट कुंपणापार जाणारा फटका) मारला होता, आणि 2015 मध्ये त्याच खेळाडूने 20 होम रन मारून देशातील सर्वोत्तम हौशी खेळाडूसाठी असलेला गोल्डन स्पाइक्स पुरस्कार मिळवला. त्या वर्षी बोस्टन रेड सॉक्सने त्याला ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर घेतले. म्हणजे एलँडर ज्या माणसाच्या हाताखाली शिकले तो मुळात फलंदाजीचा आणि भरतीचा माणूस होता. हे लक्षात ठेवले नाही तर पुढच्या आकड्यांचे श्रेय वाटताना घोटाळा होतो.

टेनेसीची त्या वेळची अवस्थाही सांगायला हवी. साउथईस्टर्न कॉन्फरन्स ही अमेरिकेतील सर्वांत बलाढ्य महाविद्यालयीन बेसबॉल संघटना. तिच्यात असूनही टेनेसी 2005 नंतर राष्ट्रीय स्पर्धेसाठी एकदाही पात्र ठरला नव्हता. 2018 च्या पहिल्या हंगामात संघाने 29 सामने जिंकले आणि 27 हरले. 2019 मध्ये 40 विजयांसह संघ राष्ट्रीय स्पर्धेत परतला. 2020 चा हंगाम करोनामुळे मार्चमध्ये थांबला तेव्हा संघाची कामगिरी 15 विजय आणि 2 पराभव अशी होती. 2021 मध्ये संघ ओमाहाला, म्हणजे महाविद्यालयीन विश्व मालिकेला, पोहोचला आणि त्यानंतरचे एकही वर्ष साधे गेले नाही.

फलंदाज घडवणे म्हणजे नेमके काय

पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) उंचवट्यापासून फलंदाजासमोरच्या होम प्लेटपर्यंतचे अंतर 60 फूट 6 इंच असते. ताशी 90 मैलांनी येणारा चेंडू हे अंतर साधारण 0.4 सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच त्यातले सुमारे 0.15 सेकंद लागतात, त्यामुळे चेंडू कुठला आहे, कुठे येणार आहे आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायला फलंदाजाकडे पाव सेकंदच उरतो. क्रिकेटच्या फलंदाजाला टप्पा पडल्यावर चेंडूने काय केले ते पाहून शेवटच्या क्षणी हात बदलण्याची थोडी मुभा असते. इथे टप्पाच नसतो, चेंडू जे काही वळायचे ते हवेतच वळतो, आणि फलंदाजाच्या हातातली बॅट गोल असते. त्यामुळे प्रशिक्षकाने सामन्याच्या वेळी ओरडून सांगितलेल्या सूचनेचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो. जे व्हायचे ते आधीच्या महिन्यांत, जाळीच्या पिंजऱ्यात झालेले असावे लागते.

महाविद्यालयीन हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि नियमित सामने 56 असतात. खरी घडण त्याआधीच्या शरद ऋतूत होते. स्टँडवर ठेवलेला चेंडू मारणे, जवळून हलकेच टाकलेला चेंडू मारणे, मग यंत्रातून येणारा वेगवान चेंडू, मग यंत्रातूनच येणारा वळणारा चेंडू अशा पायऱ्या असतात. गेल्या दहा वर्षांत या पायऱ्यांच्या भोवती मोजमापाची यंत्रे आली. चेंडू बॅटवरून किती वेगाने निघाला आणि जमिनीशी कोणता कोन करून गेला, हे आता प्रत्येक फटक्यानंतर पडद्यावर दिसते. ताशी 95 मैलांपेक्षा जास्त वेगाने आणि 25 ते 30 अंशांच्या आसपास निघालेला चेंडू बहुतेक वेळा कुंपणाकडे जातो. त्याच वेगाने पण 5 अंशांनी निघालेला चेंडू फार तर एकेरी फटका ठरतो, म्हणजे त्यावर फलंदाज पहिल्या बेसपर्यंत (धावण्याच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यापर्यंत) पोहोचतो. ही माहिती आज प्रत्येक मोठ्या विद्यापीठाकडे आहे, त्यामुळे ती असण्यात कुणाचेच वेगळेपण नाही. कुठल्या मुलाला त्यातला कोणता आकडा सांगायचा आणि कोणता सांगायचा नाही, हे ठरवण्यात प्रशिक्षकाची पारख लागते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या स्विंगमध्ये, म्हणजे बॅट फिरवण्याच्या पद्धतीत, एकाच वेळी तीन गोष्टी बदलायला घेतल्या तर तो पिंजऱ्यात सुधारतो आणि मैदानावर कोसळतो, हे या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो.

बॅटचाही विचार करावा लागतो. 2011 पासून महाविद्यालयांत ज्या धातूच्या बॅट वापरल्या जातात, त्यांचा उसळता जोर लाकडी बॅटच्या जवळपास राहील असे बंधन आहे. बंधनानंतर होम रन एकदम घटले होते. 2015 मध्ये सपाट शिवणीचा चेंडू आल्यावर ते पुन्हा वाढू लागले. एका हंगामातील होम रनचा राष्ट्रीय विक्रम लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या नावावर आहे : 1997 मध्ये 188. तो काळ या बंधनापूर्वीच्या, विलक्षण जोरदार बॅटचा होता. टेनेसीने 2022 मध्ये 158 आणि 2024 मध्ये 73 सामन्यांत 184 होम रन मारले. 184 हा इतिहासातील दुसऱ्या क्रमांकाचा आकडा आहे आणि तो आजच्या बॅटने काढलेला आहे, हे मला त्या चार होम रनच्या फरकापेक्षा महत्त्वाचे वाटते.

निवडले की घडवले

सहायक प्रशिक्षकाच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना सर्वांत अवघड प्रश्न हाच असतो. एलँडर यांच्याकडे भरतीचे काम होते, म्हणजे ज्याची सुधारणा मोजायची तो खेळाडू बहुधा त्यांनीच शोधून आणलेला. त्यात 2021 पासून महाविद्यालयीन खेळाडूंना एकदा बदली घेऊन लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि तयार फलंदाज बाहेरून घेणे सोपे झाले. 2024 च्या संघातील बिली एमिक क्लेमसनहून आला होता. 2025 मध्ये जायंट्सने तेराव्या क्रमांकावर घेतलेला गॅव्हिन किलन लुइव्हिलहून आला होता आणि विसाव्या क्रमांकावर मिलवॉकी ब्रूअर्सने घेतलेला अँड्र्यू फिशर टेनेसीत येण्याआधी दोन विद्यापीठांत खेळला होता. हे खेळाडू नॉक्सव्हिलमध्ये चमकले हे खरे, पण त्यांच्या आकड्यांवरून टेनेसीच्या फलंदाजी प्रशिक्षणाची परीक्षा घेणे मला योग्य वाटत नाही. ती परीक्षा तिथेच दोन, तीन, चार वर्षे राहिलेल्या मुलांवर घ्यावी.

त्यासाठी ट्रे लिप्सकम हे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. मेरीलँडमधून आलेल्या या खेळाडूला पहिली तीन वर्षे जवळजवळ बाकावरच बसावे लागले. 2021 मध्ये तिसऱ्या बेसवर जेक रकर खेळत होता आणि रकर इतका चांगला होता की लिप्सकमला जागा मिळण्याची शक्यताच नव्हती. अशा वेळी बहुतेक खेळाडू दुसरे विद्यापीठ गाठतात. लिप्सकम थांबला. रकर ड्राफ्टमध्ये गेल्यावर 2022 मध्ये त्याला रोजची जागा मिळाली आणि त्याने .355 च्या सरासरीने (हजारी 355 यशस्वी फटके) 22 होम रन मारले, 84 धावा आणल्या. वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला तिसऱ्या फेरीत घेतले आणि 2024 मध्ये तो मेजर लीगमध्ये खेळला. ज्या तीन वर्षांत धावफलकावर त्याच्या नावापुढे काहीच नव्हते, त्या काळातही त्याच्या स्विंगवर काम चालू होते, नाहीतर चौथ्या वर्षी अचानक असा फलंदाज उभा राहत नाही. बाकावरच्या मुलाला रोज तितकाच वेळ देणे हे सहायकाच्या कामातले सर्वांत कमी दिसणारे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे काम आहे.

दुसरे उदाहरण क्रिश्चन मूरचे. ब्रुकलिनमध्ये जन्मलेला मूर 2022 मध्ये टेनेसीत आला, त्याच वर्षी त्याने 10 होम रन मारले, पुढच्या वर्षी 17, आणि 2024 मध्ये 34. हा एका हंगामातील विद्यापीठाचा विक्रम आहे आणि तीन वर्षांचे एकूण 61 हाही. मूर मुळातच असामान्य होता, त्याला कुठल्याही मोठ्या विद्यापीठाने आनंदाने घेतले असते. पण 17 वरून 34 ही उडी केवळ अंगभूत ताकदीने होत नाही. तीन वर्षे एकाच विद्यापीठात वाढलेला ब्लेक बर्क 14, 16 आणि 20 असा चढत गेला. 2024 मध्ये मूर, एमिक, डिलन ड्रायलिंग, बर्क आणि कव्हॅरिस टिअर्स अशा पाच जणांनी प्रत्येकी 20 किंवा अधिक होम रन मारले, आणि एका संघातील पाच फलंदाजांनी हा टप्पा गाठण्याची ती महाविद्यालयीन बेसबॉलमधील पहिली वेळ होती. या पाचांत फक्त एमिक दुसऱ्या विद्यापीठातून आलेला होता.

नॉक्सव्हिलचे लिंडसी नेल्सन मैदान फलंदाजांना मानवणारे आहे, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. घरच्या मैदानावरचे काही होम रन दुसरीकडे झेलबाद ठरले असते. त्याचे उत्तर ओमाहात मिळते, कारण तिथले मैदान मोठे आहे आणि होम रन मिळवणे तिथे अवघड जाते. 14 जून 2024 रोजी फ्लोरिडा स्टेटविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात (बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाचे नऊ छोटे डाव असतात) मूरने पहिल्या डावात तिहेरी, दुसऱ्यात दुहेरी, चौथ्यात एकेरी आणि सहाव्यात होम रन असे चारही प्रकारचे फटके मारले. विश्व मालिकेत असे यापूर्वी एकदाच, 1956 मध्ये, घडले होते. तरीही टेनेसी शेवटच्या डावाआधी 8-11 असा मागे होता. त्या डावात दोन फलंदाज बाद झाल्यानंतर संघाने सामना ओढून आणला आणि ड्रायलिंगच्या एकेरी फटक्याने 12-11 असा जिंकला. टेनेसी म्हणजे फक्त कुंपणापार मारणारा संघ, असे ज्यांना वाटते त्यांनी हा शेवटचा डाव पाहावा. सामना तिथे साध्या एकेरी फटक्यांवर फिरला.

टेक्सास ए अँड एमविरुद्धच्या अंतिम मालिकेत टेनेसी पहिला सामना 5-9 असा हरला, दुसरा 4-1 असा जिंकला. 24 जूनच्या तिसऱ्या सामन्यात मूरने टेनेसीच्या डावाची सुरुवातच होम रनने केली, आणि 6-5 अशा विजयासह टेनेसीला बेसबॉलमधले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. अंतिम मालिकेच्या तिन्ही सामन्यांत होम रन मारणारा ड्रायलिंग मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 1999 च्या मायामीनंतर अव्वल मानांकित संघाने विजेतेपद मिळवल्याचे हे पहिलेच उदाहरण होते. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये मूर आठवा, बर्क चौतिसावा, एमिक साठावा आणि ड्रायलिंग पासष्टावा गेला.

2022 चा पराभव

या कारकिर्दीत एक असा प्रसंग आहे की जिथे दुसऱ्या एखाद्या प्रशिक्षकाने आपली पद्धत सोडून दिली असती. 2022 चा टेनेसी संघ 57 विजय आणि 9 पराभव अशा कामगिरीचा, देशात पहिल्या क्रमांकाचा होता. ओमाहाच्या उंबरठ्यावर, घरच्याच मैदानावर, तीन सामन्यांच्या मालिकेत तो नोत्र दामकडून हरला. निर्णायक सामन्यात सातव्या डावापर्यंत आघाडीवर असूनही निकाल 3-7 लागला. लगेचच सूर उमटला की होम रनवर उभा असलेला संघ मोठ्या सामन्यांत असाच ढासळतो, फलंदाजांनी चेंडू जमिनीलगत ठेवायला आणि बेस चोरायला शिकले पाहिजे.

तीन सामन्यांवरून 66 सामन्यांची पद्धत चुकीची ठरवणे हा तर्कच कच्चा आहे, असे माझे मत आहे. टेनेसीने ती पद्धत बदलली नाही. 2022 च्या संघातील ड्रू गिल्बर्ट, जॉर्डन बेक, लिप्सकम असे मोठे फलंदाज ड्राफ्टमध्ये गेल्यावरही 2023 मध्ये संघ ओमाहाला पोहोचला, आणि 2024 मध्ये त्याच विचाराचे टोक गाठून जिंकला. या निर्णयाचे मुख्य श्रेय मुख्य प्रशिक्षक म्हणून व्हिटेलो यांचेच. पण पराभवानंतरच्या शरद ऋतूत पिंजऱ्यात उभे राहून खचलेल्या मुलांना तेच काम पुन्हा करायला लावण्याची जबाबदारी सहायकावर येते, आणि तिथे त्याचा स्वतःचा विश्वास डळमळीत असेल तर मुलांना ते चटकन कळते.

सहायकाची जागा

एलँडर यांची वाट सुरळीत दिसते. त्यांच्यासारखेच काम करणाऱ्या पुष्कळांची तशी नसते. 2023 पर्यंत राष्ट्रीय नियमांनुसार पहिल्या विभागातील बेसबॉल संघाला मुख्य प्रशिक्षकाखेरीज दोनच पगारी सहायक ठेवता येत. तिसरा असे तो ‘स्वयंसेवक’. तोही पूर्ण वेळ राबत असे, बहुतेकदा फलंदाजांवर किंवा कॅचरवर काम करत असे, पण त्याला विद्यापीठाकडून पगार मिळत नसे, आणि त्याचे पोट उन्हाळी शिबिरांच्या उत्पन्नावर व खासगी शिकवण्यांवर चालत असे. जुलै 2023 पासून ही जागा पगारी झाली. आधीच्या स्वयंसेवक प्रशिक्षकांनी राष्ट्रीय संघटनेविरुद्ध केलेला दावा सुमारे 4 कोटी 90 लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. अनेक वर्षे एका पूर्ण व्यवसायाची पहिली पायरी बिनपगारी ठेवली गेली होती आणि त्यामुळे ज्यांच्या घरी आधार नाही असे कितीतरी चांगले प्रशिक्षक पहिल्या दोन-तीन वर्षांतच बाहेर पडले असणार. हा अन्याय होता आणि तो उशिरा दूर झाला.

पगारी झाल्यावरही सहायकाचे नशीब मुख्य प्रशिक्षकाशी बांधलेले असते. मुख्य प्रशिक्षकाला काढले की नवा माणूस आपली माणसे घेऊन येतो आणि जुन्या सहायकांना घर आवरून दुसरे राज्य गाठावे लागते. त्यामुळे या व्यवसायात बहुतेक जण दर दोन-तीन वर्षांनी थोडी मोठी जागा शोधत पुढे सरकतात. एलँडर यांनी उलट केले. यशस्वी संघाच्या सहायकांकडे इतर विद्यापीठांचे लक्ष असते, तरी ते आठही हंगाम एकाच ठिकाणी राहिले. ज्यांना त्यांनी सतराव्या वर्षी शोधून आणले त्यांना एकविसाव्या वर्षी ड्राफ्टमध्ये जाताना पाहण्याइतका सलग काळ त्यांना मिळाला. लिप्सकमसारखी सुधारणा अशा सलगतेशिवाय शक्य नसते, कारण दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या प्रशिक्षकाबरोबर फलंदाजाचा स्विंगही बदलतो. अर्थात या निर्णयात जोखीम होती. व्हिटेलो दोन वर्षे अपयशी ठरले असते तर हीच निष्ठा त्यांना महागात पडली असती.

मुख्य प्रशिक्षक म्हणून एलँडर यांचा पहिला हंगाम 2026 चा, आणि त्यांच्या हाती आलेली व्यवस्था ते सहायक म्हणून आले तेव्हाची नाही. तेव्हा एका संघाला 11.7 शिष्यवृत्त्या सत्तावीस खेळाडूंपर्यंत तुकड्यातुकड्यांनी वाटाव्या लागत. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर त्यात सहभागी विद्यापीठांना चौतीस खेळाडूंची मर्यादा आली, आणि त्या चौतिसांनाही पूर्ण शिष्यवृत्ती देता येऊ लागली. यामुळे मोठ्या विद्यापीठांना तयार खेळाडू विकत घेतल्यासारखे आणता येतील, पण तीन वर्षे बाकावर थांबणाऱ्या मुलासाठी चौतिसातली एक जागा अडवून ठेवणे कठीण होईल. लिप्सकमसारख्या खेळाडूला पहिल्या वर्षानंतरच जागा रिकामी करायला सांगितले जाण्याची शक्यता आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. फलंदाजीचा सहायक असताना एलँडर यांना अशा मुलाची बाजू मुख्य प्रशिक्षकापुढे मांडता येत होती; आता ती जागा ठेवायची की सोडायची हे त्यांनाच ठरवायचे आहे, आणि पिंजऱ्यात त्याच्याबरोबर रोज उभा राहणारा सहायक कोण असेल, हेही त्यांनीच निवडायचे आहे.